घरचा मराठी अभ्यास : लहानमोठ्या मुलांसाठी पुस्तके कशी निवडावीत?

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडल्या, की आमच्या रविवारच्या मराठी वर्गाकडे पालकांची ये-जा सुरू होते आणि जो तो एकच प्रश्न विचारतो : "मुलांना घरी मराठी शिकवावयाचे आहे, कोणते पुस्तक घ्यावे?" प्रश्न साधा आहे, पण विचारणाऱ्याच्या घरी बहुधा एकच मूल नसते. थोरली आठवीत, मधला चौथीत, धाकटी अजून बालवाडीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, जोडीला हिंदी. आईवडील दोघेही नोकरीला, आणि घरात रोज मराठी वाचणारी काय ती एक आजी. आपल्या इंदुरात असे घर शोधावयास दूर जावे लागत नाही. त्या घराला एका पुस्तकाचे नाव सांगून कसे भागणार? आरंभीच्या वर्षांत आम्ही तशी नावे सांगत असू. त्याचे जे परिणाम झाले ते, आणि पुढे आम्ही जे शिकलो ते, संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मांडावे असे कार्यकारी मंडळाने सुचविले, म्हणून हा लेख.

वर्ग सुरू होण्यास एक लहानशी घटना कारण झाली. आमच्या परिचयाच्या एका घरी आजींच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी तीन आठवडे बोलणे बंद ठेवावयास सांगितले. उशाशी वही-पेन्सिल ठेवली. दुपारी घरी नातू असे, चौदा वर्षांचा, घरात अस्खलित मराठी बोलणारा. आजींनी वहीत दोन ओळी लिहून त्याच्यापुढे धरल्या. त्याला त्या वाचता येईनात. छापील हिंदी तो भराभर वाचीत असे. पण हे हस्ताक्षर, ही जोडाक्षरे, हा 'ळ' त्याच्या ओळखीचा नव्हता. त्याने वहीचे छायाचित्र काढून आईला फोनवर पाठविले आणि आईने कार्यालयातून कळविले, की आजींना कोमट पाणी हवे आहे आणि खिडकी थोडी लोटून घ्यावयाची आहे. मुलाने दोन्ही कामे केली. पण संध्याकाळी तो आईला म्हणाला, "मला आजी वाचता आली नाही." हे वाक्य त्या माउलीने आम्हांस सांगितले, तेव्हा बोलता येते म्हणजे भाषा येते ही आमची समजूत किती भाबडी होती ते कळले.

पाठ्यक्रम निवडण्यापूर्वी मूल कोठे उभे आहे हे पाहणे अगत्याचे आहे, आणि तेथेच बहुतेक जण चुकतात. मुलाची शाळेतील इयत्ता ही त्याच्या मराठीची इयत्ता नव्हे. आम्ही तीन गोष्टी करून पाहतो. एक छोटी गोष्ट मराठीत सांगून ती मुलाला आपल्या शब्दांत सांगावयास लावतो. मग पूर्वी न पाहिलेले अर्धे पान मोठ्याने वाचावयास देतो. आणि शेवटी मामाला किंवा आत्याला पाच ओळींचे पत्र लिहावयास सांगतो. पंधरा-वीस मिनिटांत काम होते, आणि ते घरीही करता येते. मात्र परीक्षा आहे असे मुलाला भासू देऊ नये. या तिन्हींत मूल एकाच पायरीवर आढळले, असे आमच्या पाहण्यात फारसे नाही. कोणी सुरेख बोलते पण वाचत नाही. कोणी हिंदीच्या बळावर वाचते पण अर्थ लागत नाही. कोणाला सारे कळते पण उत्तर हिंदीतच येते. या तिघांना एकच पुस्तक देणे म्हणजे तिघांना एकाच मापाचा सदरा शिवण्यासारखे आहे.

आम्ही नेमके तेच केले होते. पहिल्या वर्षी पहिलीच्या पुस्तकाच्या पंधरा प्रती मागविल्या आणि सहा वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंतची सगळी मुले एका सतरंजीवर बसविली. लहान मुले रमली. तेरा वर्षांचा एक मुलगा मात्र दुसऱ्या रविवारी आला नाही. चौकशी करता कळले, की 'मी काय बाळ आहे?' असे म्हणून त्याने पुस्तक धाकट्या बहिणीला देऊन टाकले होते. दुसऱ्या वर्षी आम्ही उलट टोक गाठले. ज्याची शाळेत जी इयत्ता, त्याला त्याच इयत्तेचे मराठीचे पुस्तक दिले. आठवीतल्या मुलीला आठवीचे. त्यातली जुनी कविता उघडताच प्रत्येक ओळीला तीन-चार शब्दांचे अर्थ पाहावे लागू लागले, आणि दिवाळीपर्यंत तिची आई 'सध्या शाळेचा अभ्यास फार आहे' असे सांगू लागली. अभ्यास फार नव्हता. पुस्तक फार जड होते.

या दोन फजित्यांतून जो विचार निघाला तो असा, की मुलाची वाचनाची पायरी आणि त्याच्या वयाची आवड या दोन गोष्टी निरनिराळ्या मोजल्या पाहिजेत आणि पुस्तक असे शोधले पाहिजे, की ज्याची भाषा पायरीला शोभेल आणि विषय वयाला. तेरा वर्षांच्या नवशिक्याला हत्ती-कमळ नको आणि ओवीही नको. त्याला सोप्या वाक्यांतली साहसकथा हवी. किंवा, हसू नये, मराठी वर्तमानपत्राचे क्रीडापान हवे! आमचा रुसलेला मुलगा परत आला तो क्रिकेटच्या बातमीमुळे. सामना त्याने आदल्या रात्री पाहिलेला असे. कोणी किती धावा केल्या हे ठाऊक असे. त्यामुळे 'त्रिफळाचीत', 'पायचीत', 'झेल' हे शब्द कोशात न पाहताच त्याला उमगत. ज्याचा अर्थ आधीच माहीत आहे ते वाचणे, हा वाचन शिकण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. लहान मूल पाठ झालेली गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून घेते त्याचेही कारण हेच असावे.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलाच्या शाळेची भाषा. मराठीचा घरचा अभ्यासक्रम इंदूरचा वेगळा, बडोद्याचा वेगळा आणि हैदराबादचा वेगळा असावयास हवा. महाराष्ट्रात छापलेली पुस्तके हा भेद धरून लिहिलेली नसतात; तो आपला आपणच भरून काढावा लागतो.

आपल्याकडे हिंदीची लिपी तीच असल्याने पालकांना वाटते, की निम्मे काम झाले. निम्मे झाले हे खरे, पण उरलेले निम्मे त्यामुळेच दडून राहते. मूल 'शाळा' हा शब्द 'शाला' असा वाचते आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. 'काल' आणि 'काळ', 'माल' आणि 'माळ', 'वेल' आणि 'वेळ' अशा जोड्या घेऊन कानाला भेद शिकवावा लागतो. 'ज्ञान' हिंदीत 'ग्यान' होते, आपण 'द्न्यान' म्हणतो. 'ऋ' तिकडे 'रि', आपल्याकडे 'रु'. 'पैसा' आणि 'औषध' यांतील ऐ-औ आपण उघडून म्हणतो, हिंदीभाषी आवळून म्हणतात. 'च' आणि 'ज' यांचे तर दोन-दोन उच्चार आहेत. 'चार' आंबे म्हणताना एक, गाईच्या 'चारा'त दुसरा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. लिहिण्यात काडीचा फरक नाही, बोलण्यात आहे. हे कोणतेही पुस्तक शिकवू शकत नाही. त्यासाठी मोठ्या माणसाने मोठ्याने वाचून दाखविले पाहिजे. म्हणून आमच्या अभ्यासक्रमात कोणत्याही वयाच्या मुलासाठी ऐकण्याचा वेळ पहिला ठेवला आहे.

व्याकरणातही हिंदी शाळेतल्या मुलाच्या चुका ठरलेल्या असतात. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून ते 'माझी पुस्तक' म्हणते. हिंदीत आवाज स्त्रीलिंगी, म्हणून 'मोठी आवाज'. 'पानी में' वरून 'पाणीत' होते. 'पाण्यात', 'भावाला', 'फुलावर' ही रूपे त्याला परकी वाटतात. 'आपण' आणि 'आम्ही' यांतला भेद तर हिंदीच्या 'हम'मध्ये पुसूनच गेला आहे. 'आम्ही जेवावयास जातो' असे पाहुण्याला सांगून त्याला बाहेर बसवून ठेवणारे चिरंजीव आम्ही पाहिले आहेत. बिचाऱ्याला म्हणावयाचे होते 'आपण जाऊ'. काही शब्द दोन्ही भाषांत दिसावयास सारखे आणि अर्थाने भलतेच. हिंदीची 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आपली शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत डबा 'खाली' असतो म्हणजे रिकामा असतो; मराठीत तो फळीच्या खाली असतो. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. अशा शब्दांची एक वही मुलांकडूनच करवून घ्यावी. त्यांना ती विनोदाची वही वाटते आणि दहा वर्षांवरील मुले तीत आपण होऊन भर घालतात.

बडोद्याच्या आमच्या आप्तांकडे चित्र निराळे आहे. गुजराती माध्यमातल्या मुलाला नपुंसकलिंग अडत नाही, कारण गुजरातीत तीन लिंगे आहेत. 'ळ' अडत नाही. 'आपणे' आणि 'अमे' हा भेदही घरचाच आहे. त्याला अडते ती लिपी. शिरोरेघेविना लिहावयाची सवय झालेली, त्यामुळे आरंभी अक्षरांवर रेघ देणे हेच मोठे काम. तेथे पहिले दोन महिने अक्षरवळणाला द्यावेत आणि व्याकरणाची घाई करू नये. हैदराबादकडे तेलुगू किंवा बेळगावकडे कन्नड शिकणाऱ्या मुलाला 'ळ' परका नाही, पण लिपी अगदी वेगळी, आणि त्या भाषांत निर्जीव वस्तूंना स्त्री-पुरुष असा भेद नसल्याने दरवाजा 'तो' का आणि खिडकी 'ती' का, याचे त्याला खरेच कोडे पडते. गोव्याच्या मुलांना देवनागरीतल्या कोंकणीमुळे लिपी, 'ळ' आणि तीन लिंगे या तिन्ही गोष्टी आयत्या मिळतात. त्यांनी सरळ वाचनालाच हात घालावा.

आता वयाकडे वळू. सहा वर्षांखालच्या मुलाला पुस्तकी पाठ्यक्रम नको, हे आमचे ठाम मत आहे. गोष्टी, बडबडगीते, कोडी, चित्रे, आणि मोठ्यांच्या तोंडून दिवसभर पडणारी मराठी एवढा त्याचा अभ्यास. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या 1932 सालच्या गुजराती पुस्तकातला शिक्षक वर्गात जाऊन आरंभी धडा घेत नाही, गोष्टी सांगतो. गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे काम उभारले, त्याच्या मुळाशी हीच दृष्टी होती. या वयाच्या मुलाला 'अ अननसाचा' पाठ करून घेण्यापेक्षा बाजारातून आणलेल्या भाज्यांची नावे मराठीत म्हणून घेणे अधिक फळते. 'गिलकी' आणि 'भिंडी' घरात शिरली आहे. 'घोसाळे' आणि 'भेंडी' तिच्या शेजारी बसली तर बिघडत नाही.

सहा ते नऊ या वयात लिपी यावी. यासाठी पुण्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे 1967 साली स्थापन झालेल्या 'बालभारती'ची पहिली-दुसरीची पुस्तके चांगली आहेत, आणि ती मंडळाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवूनही घेता येतात. पण येथे एक सूचना. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी असलेले 'बालभारती' आणि इतर माध्यमांच्या मुलांसाठी असलेले 'सुलभभारती' ही दोन वेगळी पुस्तके आहेत. पालक अभिमानापोटी पहिले घेतात. ज्या घरात मुलाशी सर्व जण मराठीतच बोलतात तेथे ते योग्यच. पण जेथे मूल हिंदीत उत्तर देते तेथे 'सुलभभारती'पासून आरंभ करण्यात कमीपणा नाही. पाठ्यपुस्तकाच्या जोडीला चित्रांची छोटी पुस्तके हवीतच. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही मालिका या वयाला फार मानवते. प्रथम बुक्सने 2015 साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संग्रहात मराठी गोष्टी वाचनाच्या पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या असून त्या पैसे न देता वाचता येतात. शिकवणाऱ्याचे निम्मे श्रम त्यामुळे वाचतात.

दहा ते तेरा हे वय सर्वांत अवघड, आणि याच वयाची मुले आमच्याकडे सर्वांत जास्त येतात. कारण मूल दहाचे होईपर्यंत 'शिकेल हळूहळू' म्हणून आपण थांबलेले असतो. या मुलांना हिंदीमुळे अक्षरे येतात. त्यांना हवा असतो सराव आणि मान. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक मुख्य ठेवू नये. बालभारतीचेच 'किशोर' मासिक 1971 पासून निघते. त्याचे जुने अंकही पाहावयास मिळतात. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे अजूनही मुलांना पळवीत नेतो. लेखनासाठी माधुरी पुरंदरे यांचेच 'लिहावे नेटके' हे पुस्तक आम्ही वापरतो; त्यात व्याकरण खेळाच्या अंगाने येते. 'श्यामची आई' मात्र मुलाच्या हाती एकट्याने वाचावयास देण्याऐवजी मोठ्यांनी मोठ्याने वाचावे. त्यातले कोकणातले शब्द आणि चालीरीती माळव्यातल्या मुलाला समजावून द्याव्या लागतात, आणि वाचणाऱ्याचा कंठ दाटला तर तोही शिक्षणाचा भागच म्हणावयाचा.

चौदाच्या पुढच्या मुलांना आम्ही पाठ्यक्रम देत नाही, काम देतो. एकीने आजीच्या पाककृतींची वही संगणकावर उतरवून काढली. एकाने संस्थेच्या जुन्या इतिवृत्तांतील दहा वर्षांची सूची केली. त्या चौदा वर्षांच्या नातवाच्या प्रसंगापासून आम्ही हस्ताक्षरवाचन हा विषय दहा वर्षांवरील प्रत्येकासाठी ठेवला आहे. छापील पाठ्यक्रमात आम्हांस तो कोठे आढळला नाही. साधने घरातच असतात : जुनी आंतर्देशीय पत्रे, लग्नाच्या याद्या, वाण्याच्या हिशेबाची वही, औषधांची आठवण लिहिलेला कागद. आधी स्वच्छ अक्षर, मग घाईचे, मग थरथरत्या हाताचे. जुन्या पत्रांत एक अडचण येते ती आधीच सांगून ठेवावी. त्यांत 'नाहीं', 'कांहीं', 'मुलें' असे अनुस्वार दिसतात, आणि मूल विचारते की आजोबांचे शुद्धलेखन चुकीचे होते काय? चुकीचे नव्हते. मराठी साहित्य महामंडळाचे जे लेखनविषयक नियम 1962 साली शासनाने मान्य केले, त्यांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गाळले. त्यापूर्वी ते देणे हेच शुद्ध होते. मोडी शिकवा असाही आग्रह काही वडीलधारे धरतात. हौस असेल तर पुढे अवश्य शिकावी, पण बाळबोध नीट येण्यापूर्वी मोडीचा भार मुलावर घालू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ : घरात तीन वयांची तीन मुले, शिकवणारे एक माणूस, आणि वेळ फार तर पाऊण तास. तिघांना तीन वेळा शिकवू जाल तर आठ दिवसांत थकाल. आमच्या अनुभवाला आलेली वाटणी अशी. पहिली पंधरा मिनिटे सर्वांनी एकत्र ऐकावे. वाचन मधल्या मुलाच्या वयाचे निवडावे; धाकट्याला थोडे वर आणि थोरल्याला थोडे खाली पडले तरी गोष्ट चांगली असली म्हणजे तिघेही ऐकतात. मधली पंधरा मिनिटे प्रत्येकाची स्वतंत्र. थोरली आपले पुस्तक मनात वाचते, मधला पाच ओळी पाहून आणि तीन ओळी ऐकून लिहितो, धाकटी चित्र काढते आणि त्याखाली काय लिहावयाचे ते सांगते. लिहून देण्याचे काम मोठ्या माणसाचे. शेवटची पंधरा मिनिटे पुन्हा एकत्र : भेंड्या, उखाणे, कोडी, किंवा नुसत्या गप्पा. आठवड्यातून चार दिवस एवढे झाले तरी पुष्कळ. सातही दिवसांचे वेळापत्रक भिंतीवर लावणाऱ्या घरांतले वेळापत्रक श्रावणापर्यंत टिकलेले आम्ही पाहिलेले नाही.

थोरल्याने धाकट्याला शिकवावे ही युक्ती चांगली, पण तिला एक काटा आहे. कधी कधी मधला मुलगा वाचनात थोरलीच्या पुढे निघून जातो. लहान वयात लागलेली गोडी पटकन रुजते, त्याला इलाज नाही. पण तेरा वर्षांच्या मुलीने नऊ वर्षांच्या भावासमोर अडखळत वाचावयाचे, हे तिला मरणप्राय वाटते आणि ती अभ्यास सोडते. अशा वेळी दोघांना एका पुस्तकावर कधीही बसवू नये, आणि 'बघ, तो कसा वाचतो!' हे वाक्य तर घरातून हद्दपार करावे. तिच्याकडे त्याच्याकडे नसलेले काम द्यावे. उद्याची गोष्ट आज एकटीने वाचून ठेवावयाची आणि उद्या धाकटीला वाचून दाखवावयाची, ही युक्ती आम्हांस बहुतेक ठिकाणी लागू पडलेली आहे. एक दिवस आधी सराव झालेला असल्याने ती अडखळत नाही, आणि बालवाडीतली श्रोती तिच्या चुका काढीत नाही.

अंकांविषयी थोडे. पाढे आणि आकडे मराठीत यावेत की नाही यावर पालकांत मतभेद आहेत. गणित शाळेच्या भाषेतच करू द्यावे, असे आम्हांस वाटते. पण शंभरपर्यंतचे अंक मराठीत ओळखता यावेत, नाही तर भाजीवाल्या मावशीचे 'अठ्ठावन्न' मुलाच्या डोक्यावरून जाते. यातली गंमत मुलांना दाखवावी. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत 'एकोण' नेमाने येते आणि शेवटी नव्याण्णव मात्र नियम मोडते. जोडाक्षरी अंक अवघड जातात म्हणून 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस' याला 'वीस एक' असा पर्याय दिला गेला आणि महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादात न शिरता एवढेच सांगतो, की घरात आजी 'एकवीस'च म्हणणार. तेव्हा मुलाला तेच आले पाहिजे. पावकी-निमकी ज्यांना येते त्यांनी ती म्हणून दाखवावी. मुले गाणे म्हणून ऐकतात.

काही थोडी कुटुंबे मुलांना शाळेत न घालता सर्वच शिक्षण घरी देतात, आणि त्यांचेही आम्हांस विचारणे असते. त्यांना पुढे प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. 1989 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात अ, ब, क असे तीन स्तर असून ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे धरले जातात. दहावीच्या परीक्षेला वय निदान चौदा वर्षे लागते, आणि तेथे मराठी ही भाषा विषय म्हणून घेता येते. इयत्तेऐवजी स्तर असल्याने निरनिराळ्या वयांच्या भावंडांना ही रचना सोयीची पडते. पण त्यांनी इतर विषयांची पुस्तके आधी पक्की करावीत. मराठीची वाट वर सांगितलीच आहे.

शेवटी चुका सुधारण्याविषयी, कारण पुष्कळ घरांत अभ्यास तेथेच बंद पडतो. आपल्या इंदुरी मराठीत 'मी येऊन राहिलो आहे' आणि 'लाईट चालली गेली' ही वाक्ये इतकी रुळली आहेत, की ती मुलांनी म्हटल्यावर रागावण्याचा अधिकार आम्हांपैकी फारच थोड्यांना आहे. पुण्याचे पाहुणे हसतात, आणि मुले त्यांच्यापुढे तोंड मिटून घेतात. आमचे सांगणे असे, की बोलताना चूक काढू नये. आपण तेच वाक्य उत्तरात नीट करून म्हणावे. मूल म्हणाले 'बाबा येऊन राहिले', तर आपण म्हणावे, 'येताहेत का? मग पाने घेऊ या.' चूक दाखवावयाची ती वहीत, आणि एका वेळी एकच : या आठवड्यात फक्त 'ळ', पुढच्या आठवड्यात फक्त 'पाण्यात' आणि 'भावाला'. सगळी वही लाल करणाऱ्या एका उत्साही गृहस्थांना आम्ही तांबडी शाई विकत घेण्यास बंदी केली आहे.

वर्गात आम्ही परीक्षा घेत नाही. तीन महिन्यांतून एकदा प्रत्येक मूल मामाला, मावशीला किंवा आजोळी एक पत्र लिहिते. पाकिटावर पत्ता मराठीत लिहून, पिनकोड व शहराचे नाव हिंदी-इंग्रजीत पुन्हा घालून आम्ही ते टपालात टाकतो. उत्तर हातानेच लिहून पाठवावे अशी विनंती आत चिठ्ठी घालून करतो. उत्तरे येतात. ज्यांना येत नाहीत त्या मुलांच्या नावे आमच्यापैकीच कोणी तरी लिहितो, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून दर वेळी लिहिणारा बदलतो.

वर उल्लेखिलेली बहुतेक पुस्तके संस्थेच्या ग्रंथालयात आहेत. रविवारी सकाळी वर्गाच्या वेळी ती मिळतात. एका घरास एका वेळी तीन, पंधरा दिवसांसाठी, आणि अनामत घेतली जात नाही. पाने फाटली तर चिकटपट्टी लावू नये, तशीच आणून द्यावीत. पुस्तके बांधण्याचे काम जाणणारे एक गृहस्थ आमच्याकडे आहेत आणि चिकटपट्टीवर त्यांचा विशेष राग आहे.